गोव्यातल्या घरासाठी हीट पंप वॉटर हीटर: खर्च किती धरावा आणि कोटेशन कसे वाचावे

आधी आकडे. २०० लिटरचा घरगुती हीट पंप वॉटर हीटर (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारे यंत्र) गोव्यात बसवून, नळजोडणी, वायरिंग, स्टँड आणि जीएसटी धरून हाती येईपर्यंत साधारण दीड ते सव्वादोन लाख रुपये लागतात. भिंतीवर टांगायचे १०० लिटरच्या आसपासचे यंत्र ९० हजार ते १ लाख ३० हजारांत बसते. ३०० लिटरला दोन ते तीन लाख धरावे लागतात. हे आकडे अंदाजपत्रकासाठी आहेत. मेक, हमीची वर्षे आणि घराची रचना यांप्रमाणे ते वरखाली होतील. तुमचे कोटेशन या चौकटीच्या फार बाहेर गेले, मग ते वर असो की खाली, तर कारण विचारा. फार स्वस्त कोटेशनमध्ये बहुधा नळ, वायर आणि व्हॉल्व्ह धरलेलेच नसतात.

विक्रेता यंत्राची किंमत सांगतो, पण ती एकूण खर्चाच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश इतकीच असते. उरलेला पैसा घरात जिरतो, आणि तो किती जिरेल हे घर बघितल्याशिवाय कोणी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. म्हणून या लेखात यंत्रापेक्षा घराबद्दलच जास्त लिहिले आहे.

परदेशातले आकडे बाजूला ठेवा

गोव्यातल्या पुष्कळ घरांतले कोणी ना कोणी इंग्लंडमधल्या स्विंडनला किंवा आखातात असते. इंग्लंडहून फोनवर ‘हीट पंपाला दहा-पंधरा हजार पौंड लागतात, सरकार साडेसात हजार पौंडांचे अनुदान देते’ असे ऐकू येते. ते खरे आहे, पण ते यंत्र वेगळ्या कामाचे. इंग्लंडमध्ये हीट पंप सगळे घर उबदार ठेवतो. त्याच्याबरोबर पुष्कळदा रेडिएटर बदलावे लागतात, भिंतींना आवरण घालावे लागते, आणि बाहेर गोठवणारी थंडी असताना ते यंत्र चालवायचे असते. पणजीत जानेवारीच्या पहाटेही पारा वीसच्या फारसा खाली जात नाही. आपल्याला घर तापवायचे नाही, फक्त न्हाणीतले पाणी तापवायचे आहे. तेव्हा इंटरनेटवरचे डॉलर-पौंडांचे हिशेब आपल्या कामाचे नाहीत, आणि ‘हॉट अँड कोल्ड’ एसीसाठी जादा पैसे मोजण्याचेही गोव्यात कारण नाही.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, हीट पंप आजूबाजूच्या हवेतली उष्णता काढून टाकीतल्या पाण्यात टाकतो. वीज फक्त कॉम्प्रेसर आणि पंखा फिरवायला लागते, म्हणून एका युनिट विजेत तीन-साडेतीन युनिटांइतकी उष्णता पाण्यात जाते. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. गोव्याची हवा उबदार आणि दमट असते. यंत्राच्या थंड जाळीवर हवेतली वाफ जमून पाणी होते तेव्हा तिची उष्णताही यंत्राला मिळते. त्यामुळे पहाडी किंवा कोरड्या थंड मुलखापेक्षा इथे सीओपी चांगला मिळतो. कॅटलॉगवर ‘सीओपी ४’ छापलेले असेल तर हवा किती अंशांना आणि पाणी किती अंशांपासून किती अंशांपर्यंत तापवताना तो मोजला, हे विचारा. पाणी ४५ अंशांपर्यंतच तापवून मोजलेला आकडा नेहमी देखणा दिसतो.

पायरी पहिली: गरम पाणी खरेच किती लागते?

एका माणसाच्या शॉवरच्या आंघोळीला ४० अंशांचे साधारण ४५ लिटर पाणी लागते. बादलीने आंघोळ करणाऱ्याचे २५-३० लिटरांत भागते. चौघांचे घर आणि थोडी भांडी धरली तर दिवसाला ४० अंशांचे २०० लिटर पाणी झाले. टाकीत पाणी ५०-५५ अंशांवर असते आणि ते थंड पाण्यात मिसळून वापरायचे असते, म्हणून चौघांना १०० ते १५० लिटरची टाकी पुरते. आठ-दहा माणसांच्या एकत्र घराला २०० ते ३०० लिटर लागतील.

इथे एक मोह टाळा. चवथीला (गणेश चतुर्थीला) मुंबई-पुण्याहून आणि परदेशातून सगळे येतात, मूळ घरात वीस माणसे असतात आणि सकाळी आठच्या आत सगळ्यांच्या आंघोळी आटपायच्या असतात. ते दिवस डोळ्यांसमोर ठेवून लोक ५०० लिटरची टाकी मागतात. मग वर्षातले उरलेले सगळे दिवस एवढी मोठी टाकी गरम ठेवायची, ते कशासाठी? नेहमीच्या माणसांच्या हिशेबाने टाकी घ्या. चवथीसाठी यंत्रातला विजेचा बॅकअप रॉड चालू करा आणि एखाद्या न्हाणीत जुना गिझर तसाच राहू द्या.

पायरी दुसरी: पैसे वसूल होतात का?

हा भाग विक्रेते एका वाक्यात उरकतात, ‘तीन-चार वर्षांत वसूल’. गोव्यात घरगुती वापरासाठी हे वाक्य बहुतेक वेळा खोटे ठरते. म्हणून हिशेब सविस्तर मांडतो.

१ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १.१६३ वॅट-तास ऊर्जा लागते (१,००० वॅट-तास म्हणजे १ युनिट). गच्चीवरच्या टाकीतले पाणी वर्षाच्या बहुतेक दिवसांत २७ अंशांच्या आसपास असते. २०० लिटर पाणी ४० अंशांवर न्यायचे म्हणजे १३ अंशांची वाढ, म्हणजे साधारण ३ युनिट. टाकीतून निसटणारी उष्णता धरून साध्या गिझरला दिवसाला ४ युनिट लागतील, तर हीट पंपाला सव्वा युनिट. रोजची बचत पावणेतीन युनिट. एप्रिल-मेमध्ये अर्धे घर गार पाण्यानेच आंघोळ करते, तेव्हा वर्षाचे ३०० दिवस धरू. बचत सव्वाआठशे युनिटांची झाली.

आता दर. गोव्यात घरगुती विजेचे दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते टप्प्याटप्प्याने वाढतात. वाचणारे युनिट तुमच्या बिलाच्या सर्वांत वरच्या टप्प्यातले असतात, तेव्हा बचतीला तोच दर लावा. तो बिलावर छापलेला असतो. हिशेबापुरते ४ रुपये धरले तर वर्षाला ३,३०० रुपये वाचतात, ६ रुपये धरले तर सुमारे ५,०००. दोन चांगले गिझर बसवायला २५ हजार लागले असते. तेवढे वजा केले तरी चौघांना पुरणाऱ्या १०० लिटरच्या हीट पंपाचाही जादा खर्च ६५ हजार ते १ लाख ५ हजार उरतो. सहा रुपयांच्या दराने तो फिटायला तेरा ते एकवीस वर्षे लागतील, आणि यंत्राचे आयुष्य दहा ते पंधरा वर्षांचे.

म्हणजे चौघांच्या घराला, दोन न्हाण्यांना, फक्त वीज वाचवण्यासाठी हीट पंप घेऊ नये. हे मी स्पष्टच लिहितो, कारण गोव्याची वीज महाराष्ट्राच्या मानाने स्वस्त आहे आणि पुण्याचा किंवा नाशिकचा हिशेब इथे तसाच्या तसा उचलून दाखवला जातो. तिकडे वरच्या टप्प्याचा दर कितीतरी जास्त आणि हिवाळ्यात नळाचे पाणीही गार, त्यामुळे तेच यंत्र तिथे निम्म्याहून कमी काळात फिटते.

मग कोणी घ्यावा? दहा माणसांच्या एकत्र घरात, जिथे तीन-चार गिझर रोज चालतात, वर्षाला दोन हजार युनिटांच्या आसपास बचत होते. वरच्या दराने ती दहा-बारा हजार रुपये होते. पैसे फिटायला पंधरा-सोळा वर्षे लागतात, पण सगळ्या नळांना एकाच वेळी गरम पाणी मिळते, ही सोय त्याच पैशात येते. आठ-दहा खोल्यांचे गेस्ट हाउस असेल तर गणित आणखी सुधारते. पाहुणे दोन-दोनदा आंघोळ करतात, गिझर चालू ठेवून समुद्रावर जातात, चादरी धुवायच्या असतात, आणि मीटर बहुधा घरगुती नसून व्यावसायिक असतो. अशा ठिकाणी वर्षाला पाऊणशे टक्के खोल्या भरत असतील तर दहा-बारा वर्षांत खर्च निघण्याची आशा धरता येते.

आणखी काही कारणे बिलात दिसत नाहीत, पण ती खरी आहेत. चार गिझर म्हणजे आठ किलोवॅटचा भार. हीट पंप एक-सव्वा किलोवॅटवर चालतो. सिंगल फेज जोडणी असलेल्या घरात वीज खात्याकडे मंजूर भार वाढवून घेणे, थ्री फेज मीटर आणि नवे वायरिंग हा सगळा खर्च त्यामुळे टळू शकतो. गच्चीवर सौर पॅनेल असतील आणि दुपारची वीज ग्रिडमध्ये जात असेल तर टायमर लावून हीट पंप दुपारी अकरा ते तीन चालवा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या पॅनेलना ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळते, मात्र ते हीट पंपाला लागू नाही. कोणी ‘हीट पंपावर सबसिडी काढून देतो’ म्हणाले तर योजनेचा कागद मागा. बंद न्हाणीत गॅस गिझर लावलेला असेल तर तो मात्र कुठल्याही हिशेबाची वाट न पाहता काढा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि आंघोळीला गेलेले माणूस त्यातून बाहेर येत नाही अशा घटना आपल्याकडे घडल्या आहेत.

सौर वॉटर हीटरशी तुलना करायला हवीच. २०० लिटरचा सौर हीटर हीट पंपाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात येतो. सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तर हीट पंपावर १८ टक्के लागतो. अडचण एवढीच की गोव्यात जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेले असते आणि गरम पाण्याची ओढ नेमकी तेव्हाच असते. ते चार महिने सौर टाकीतला विजेचा रॉड चालतो. तरीही सावली नसलेली गच्ची आणि चार-पाच माणसे असतील तर मी सौर हीटरच सुचवीन. नारळ-आंब्याच्या सावलीतले कौलारू घर किंवा गच्चीचा हक्क नसलेला फ्लॅट असेल तर हीट पंपाचा विचार सुरू होतो.

पायरी तिसरी: यंत्र कुठे बसणार?

जागा ठरल्याशिवाय कोटेशन घेऊ नका. खर्चातला सर्वांत मोठा फरक जागेमुळे पडतो.

२०० लिटरचे भरलेले यंत्र तीनशे किलोच्या आसपास जाते. जमिनीवर काँक्रीटचा ओटा बांधला तर तीन-चार हजारांत काम होते. गच्चीवर चढवायचे तर चार माणसांची मजुरी आणि गॅल्व्हनाइज्ड स्टँड मिळून सात ते दहा हजार. माळ्यावर किंवा जुन्या लाकडी तुळयांवर ते कधीही ठेवू नका. भिंतीवरचे १०० लिटरचे यंत्रही भरल्यावर दीडशे किलोच्या पुढे जाते. भिंत चिऱ्याची (जांभ्या दगडाची) असेल तर साधा अँकर बोल्ट मऊ चिऱ्यात धरत नाही. आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी लागते. भिंत मातीची असेल तर ते टांगूच नका.

यंत्राला हवा हवी. बंद कोपऱ्यात बसवले तर ते स्वतःच गार केलेली हवा पुन्हा ओढते आणि सीओपी घसरतो. पण इथे गोव्यापुरता एक लाभ आहे, आणि तो फार थोड्या लोकांना सांगितला जातो. हीट पंप हवा गार करतो तशी कोरडीही करतो. पावसाळ्यात ज्या कोठीच्या खोलीत तांदळाला कीड लागते, चामड्याच्या चपलांना बुरशी येते आणि कपाट उघडताच कुबट वास येतो, त्या खोलीत यंत्र बसवले, खोली पुरेशी मोठी असली किंवा दाराला जाळ्या असल्या, तर पाणी तापता तापता खोलीही सुकते. दिवसाला काही लिटर पाणी यंत्राच्या नळीतून बाहेर पडताना दिसते. ती नळी उताराने बाहेर न्यायला विसरू नका. कोठी झोपण्याच्या खोलीला लागून असेल तर कॉम्प्रेसरचा आवाज रात्री जाणवेल. मात्र आर-२९० वायूवर चालणारे यंत्र बाहेरच बसवावे, कारण तो वायू प्रोपेन असल्याने पेटतो.

किनाऱ्यावरच्या गावांत, म्हणजे मोरजी, कळंगुट, कोलवा, बाणावली, पाळोळे या पट्ट्यात, यंत्राचा शत्रू खारा वारा. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्या पांढऱ्या पडून झडतात. संरक्षक लेप असलेल्या पात्या मागा, यंत्र घराच्या समुद्राकडच्या बाजूला न लावता मागच्या बाजूला लावा, आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने पात्या हलक्या हाताने धुवा. हमीपत्रात खाऱ्या हवेमुळे गंजलेले भाग वगळले आहेत का, हे पैसे देण्याआधी वाचा. पावसाचे बघायचे तर नैर्ऋत्येकडून येणारी सर थेट पंख्यात जाणार नाही असे छोटे छप्पर हवे. त्याला तीन ते सहा हजार लागतात.

पायरी चौथी: यंत्राची किंमत आणि निवड

फक्त यंत्राची किंमत, जीएसटीसह, साधारण अशी धरा: १०० लिटरच्या आसपास ६० ते ९० हजार, २०० लिटर १ लाख ते १ लाख ६० हजार, ३०० लिटर १ लाख ४० हजार ते २ लाख २० हजार. किमतीतला फरक बहुतेक टाकी, कॉम्प्रेसर आणि हमी यांत असतो. डिस्प्ले आणि वायफाय यांना मी एक रुपयाही जास्त देणार नाही.

टाकी निवडताना तुमचे पाणी बघा. जांभ्या जमिनीतल्या विहिरीचे आणि बोअरचे पाणी पुष्कळदा आम्लधर्मी आणि लोहयुक्त असते. डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यात तर पांढऱ्या भांड्यावर तांबूस डाग पडतात ते लोहाचेच. किनाऱ्यालगतच्या विहिरीत उन्हाळ्यात खारटपणा चढतो. क्षार असलेल्या पाण्यात साध्या ३०४ स्टेनलेस स्टीलला बारीक छिद्रे पडतात. अशा ठिकाणी आतून काचेचा लेप दिलेली, मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड असलेली टाकी बरी. अ‍ॅनोड म्हणजे टाकीऐवजी स्वतः झिजणारी कांडी. नळाच्या पाण्यावर ती दोन वर्षे चालेल, विहिरीच्या पाण्यावर वर्षात संपेल. ती न बदलता टाकी गळली तर हमी मिळत नाही. पाण्याची तपासणी हजार-दीड हजारांत होते, ती आधी करून घ्या. लोह जास्त निघाले तर फिल्टरसाठी दहा ते पंचवीस हजार वेगळे काढून ठेवा. हा खर्च कोणत्याही विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये सापडणार नाही.

आणखी एक गोष्ट विचारा: सुटे भाग आणि कारागीर गोव्यात आहेत का? सर्व्हिससाठी माणूस बेळगाव किंवा कोल्हापूरहून येणार असेल तर पावसाळ्यात आठ-दहा दिवस थंड पाणी ठरलेले.

पायरी पाचवी: नळ, इथेच पैसे जातात

गरम पाण्याची सीपीव्हीसी नळी मजुरीसह फुटाला १०० ते १८० रुपये आणि तिच्यावरचे फोमचे आवरण ४० ते ८० रुपये धरा. नवे घर बांधत असाल आणि न्हाण्या एकमेकींना लागून असतील तर दहा हजारांत काम होईल. जुन्या गोव्याच्या घराची गोष्ट वेगळी. मधे राजांगण (घराच्या आतला उघडा चौक), मूळ न्हाणी मागच्या पडवीला, नव्या बाथरूम पुढच्या खोल्यांना जोडून काढलेल्या. अशा घरात नळी सत्तर-ऐंशी फूट जाते, भिंत फोडणे, गिलावा आणि टाइल्स मिळून पंचवीस-तीस हजार सहज होतात.

आणि पैसे टाकूनही सुख मिळत नाही. १५ मीटर लांबीच्या पाऊण इंची नळीत जवळजवळ ४ लिटर पाणी उभे असते. ते थंड झालेले पाणी प्रत्येक वेळी आधी वाहून जाते. त्यावर विक्रेते फिरता पंप सुचवतात. तो आणखी दहा हजारांचा, आणि दिवसभर नळीत गरम पाणी फिरवून बचतच खातो. माझे मत असे: लांबच्या एका न्हाणीसाठी नळी ओढू नका. तिथे १० लिटरचा साधा गिझर राहू द्या, आणि जवळच्या न्हाण्या तेवढ्या हीट पंपाला जोडा.

नळीला आवरण न घालता ती भिंतीत गाडायला प्लंबरला देऊ नका. आवरण नंतर घालता येत नाही. चिऱ्याची भिंत पाणी शोषते, त्यामुळे सांध्यातली गळती महिनोन्‌महिने दिसत नाही. गिलावा करण्याआधी नळी दाबाने भरून रात्रभर ठेवायला सांगा.

टाकीच्या तोंडाशी गाळणी, एकतर्फी व्हॉल्व्ह, जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि बंद करायचे कॉक लागतात. यांचे तीन ते सहा हजार. सेफ्टी व्हॉल्व्हची नळी उघडी सोडतात, तिच्यातून कढत पाणी येऊ शकते, ती मोरीपर्यंत न्या. गच्चीवर पाण्याची टाकी आणि हीट पंप एकाच पातळीवर असतील तर शॉवरला पुरेसा दाब मिळत नाही आणि आठ ते पंधरा हजारांचा प्रेशर पंप लागतो. टाकी पाच-सहा फूट उंच उचलूनही बरेच भागते.

पायरी सहावी: वीज

वितरण पेटीपासून स्वतंत्र तांब्याची वायर, एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) यांना चार ते आठ हजार. अर्थिंग जुने असेल तर नवा खड्डा चार ते सात हजार. न्हाणीतल्या पाण्याशी जोडलेल्या यंत्रात या दोन गोष्टींवर काटकसर करू नका, परवानाधारक वायरमनकडूनच काम घ्या. गावाच्या टोकाला असलेल्या घरात व्होल्टेज खालीवर होत असेल तर चार ते सात हजारांचा स्टॅबिलायझर हवा. मे आणि ऑक्टोबरमधल्या विजांनी इलेक्ट्रॉनिक बोर्ड जळतात. सर्ज प्रोटेक्टर तीन-पाच हजारांचा, बोर्ड त्याहून महाग.

कोटेशन मागताना

निदान तीन जणांना घरी बोलवा. फोनवर दिलेला आकडा धरू नका. प्रत्येकाकडून यंत्र, वाहतूक व चढवणी, ओटा किंवा स्टँड, नळी (किती फूट, आवरणासह की नाही), व्हॉल्व्ह, वायरिंग, तोडफोड व दुरुस्ती, जीएसटी अशा वेगवेगळ्या ओळी लिहून मागा. ‘इन्स्टॉलेशन फ्री’ असे लिहिले असेल तर ते बहुधा यंत्र जागेवर ठेवून आधीच तयार असलेल्या नळाला आणि सॉकेटला जोडण्यापुरते असते. टाकी, कॉम्प्रेसर आणि सुट्या भागांची हमी वेगवेगळ्या वर्षांची असते, तीही लेखी घ्या. वर्षाच्या सर्व्हिसला दीड ते तीन हजार आणि अ‍ॅनोडला साधारण तेवढेच, हे चालू खर्चात धरून ठेवा.

वेळ ऑक्टोबर ते मे मधली निवडा. पावसात गच्चीवरचे काम रखडते आणि ओल्या भिंतीत केलेला गिलावा टिकत नाही. फ्लॅट असेल तर सोसायटीचे लेखी ना-हरकत पत्र आधी घ्या. गच्ची आणि बाहेरची भिंत सगळ्यांची असते, आणि यंत्राचा आवाज शेजाऱ्याच्या खिडकीशी जातो.

पैसे देताना ३० ते ४० टक्के आगाऊ, यंत्र घरी आल्यावर मोठा हिस्सा, आणि निदान दहा टक्के चाचणी होईपर्यंत हातात ठेवा.

चाचणी स्वतः करा

यंत्राच्या वायरवर हजार-बाराशे रुपयांचा छोटा ऊर्जा मीटर बसवून घ्या. टाकी पूर्ण थंड पाण्याने भरा, तापमान बघा, विजेचा रॉड बंद ठेवा, आणि ५५ अंशांवर लावून यंत्र चालू करा. २०० लिटर पाणी २७ वरून ५५ अंशांवर गेले म्हणजे २८ अंशांची वाढ: २०० गुणिले २८ गुणिले १.१६३, म्हणजे साडेसहा युनिट उष्णता. मीटरवर २ युनिट दिसले तर सीओपी सव्वातीन, उत्तम. अडीच युनिटांपर्यंत चालेल. साडेतीन-चार दिसले तर रॉड चालू राहिला आहे, हवेचा मार्ग अडला आहे किंवा वायू कमी भरला आहे. कारागिराला तिथेच थांबवा.

रोजच्या वापराला ५० अंश पुरतात. तापमान जितके चढवाल तितका सीओपी उतरतो. मात्र कोमट साठवलेल्या पाण्यात लेजिओनेला जंतू वाढू शकतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी ६० अंशांवर नेणारी सोय यंत्रात आहे ना, ती चालू करून दाखवायला सांगा. रॉड कोणत्या बटणाने बंद-चालू होतो, टायमर कसा लावायचा आणि अ‍ॅनोड कुठून निघतो, हे घरातल्या दोघांनी तरी समजून घ्यावे. हमीपत्रावर यंत्राचा क्रमांक, बसवल्याची तारीख आणि शिक्का पडला, सगळ्या नळांना गरम पाणी आले, सेफ्टी व्हॉल्व्हची नळी मोरीत पोचली, की राखून ठेवलेले दहा टक्के द्या.